पहाऱ्याची बदली

“थम! कौन आता है?”

भागुजी पलंगावर ताठ उठून बसले आणि त्यांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क पुन्हा ओढून फेकला. नर्स मागे सरली. म्हाताऱ्याकडे बंदूक नव्हती, पण हात असे धरले होते की पुढे जायची कुणाची छाती होईना.

बाहेर जानेवारीतलं धुकं. आळेफाट्याजवळचं ते माजी सैनिकांचं छोटं इस्पितळ सकाळपासून त्यात बुडालेलं. नाशिककडे जाणाऱ्या ट्रकचे नुसते आवाज येत, ट्रक दिसेनात. खिडकी पांढरीफेक झालेली. भागुजींना त्या खिडकीत बर्फ दिसत होता, एकाहत्तरच्या हिवाळ्यातला. आपण सरहद्दीवरच्या चौकीत उभे आहोत असं त्यांना वाटत होतं. वाटत होतं कसलं, ते होतेच तिथे.

डॉ. शीला इमर्जन्सीची डॉक्टर. न्यूमोनियाने म्हाताऱ्याची दोन्ही फुप्फुसं भरली होती. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा उतरत होता. मास्क राहिला तर माणूस वाचेल, नाही राहिला तर दुपार बघणार नाही, इतकं ते सरळ होतं. गुंगीचं इंजेक्शन द्यावं, तर उरलासुरला श्वासही झोपायचा. हात बांधावेत, तर म्हातारा झुंजणार. आणि झुंजायला छातीत हवा कुठे होती!

शीलाने आवाज चढवला. इथे नोकरी करून तिलाही फौजी खाक्या आला होता.

“जवान! साहेबांचा हुकूम आहे. पोस्ट सोडा, आडवे व्हा!”

“न्हाई साहेब,” भागुजी धापा टाकत म्हणाले. “बदली आल्याबिगर पोस्ट सोडता येत न्हाई. तुमालाबी ठावं हाय.”

ठाऊक होतं ना! दुसरा जागेवर येऊन उभा राहिल्याशिवाय पहारेकरी हलत नाही, मग जनरल येवो नाहीतर देव येवो. हे तिला इथल्या प्रत्येक म्हाताऱ्याने ऐकवलं होतं.

“बदलीला कोण येणार आहे?”

“कुंडलिक.”

शीला भिंतीशी बसलेल्या त्यांच्या बायकोकडे वळली. “जानकाबाई, कोण हा कुंडलिक? गावात आहे का? मी जीप पाठवते.”

“कुटनं बोलवू मॅडम?” जानकाबाईंनी पदर तोंडाशी धरला. “ह्यांची बदली करायला निघाला व्हता, आन् वाटंतच बर्फात गेला त्यो. तवापासनं ह्ये वाट बघत्यात.”

शीलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कधीच गेलेल्या माणसाची वाट बघत एक जिवंत माणूस डोळ्यांदेखत चालला होता, आणि तिची सगळी डॉक्टरकी बघत उभी होती.

तेवढ्यात जानकाबाई उठल्या. त्यांनी पदर कमरेला खोचला, पलंगापाशी जाऊन टाचा जुळवल्या, आणि घसा खरवडून मघाच्या हाकेला पहाऱ्यावरचं उत्तर दिलं, “दोस्त!”

“कोन दोस्त?”

“कुंडलिक. बदलीला आलोय.”

भागुजींनी डोळे बारीक केले. “आवाज बायकी कशानं झाला रं?”

“घसा बसलाय. बर्फ का थोडा हाय!”

नर्सने हसू कसंबसं गिळलं. भागुजीही हसले. धुक्यातून कुणी ओळखीचं चालत आल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला. “लई उशीर केलास, गड्या.”

“केला खरा.”

“बरं, चार्ज घे. ही बंदूक. काडतुसं पुरी हायेत, बघून घे.” त्यांनी रिकामे हात पुढे केले, पण सोडले नाहीत. “आन् तुझी जानका. जानका बरी हाय. तुझी पोर रत्ना पाळण्यात व्हती, तिला मास्तरीण केली. वड्याकडचं वावर तुझ्याच नावावर हाय. कुंडलिक, तुझं म्हणून समदं जपलं. वाईट नजरंनं कशाकडं बघितलं न्हाई. आता आलास, तर घे तुझं तुला.”

शीलाने चमकून जानकाबाईंकडे पाहिलं. कुंडलिक त्यांचा पहिला नवरा होता. मित्र गेल्यावर भागुजींनी त्यांच्याशी लग्न केलं होतं, आणि इतकी वर्षं हा माणूस स्वतःच्या संसारात पहारेकऱ्यासारखा उभा राहिला होता.

‘घेतलं म्हणा,’ शीलाने खुणेने विनवलं. आकडा आणखी खाली आला होता. एका शब्दाचं काम होतं. जानकाबाईंचे ओठ हलले, पण तो शब्द त्यांच्याच्याने निघेना. ज्या माणसाच्या ताटात त्यांनी जन्मभर वाढलं, त्याच्याकडून त्यांनी कुंडलिक होऊन स्वतःला परत घ्यायचं होतं.

त्यांनी ती नसलेली बंदूक भागुजींच्या हातांतून हलकेच काढून आपल्या खांद्याला लावली.

“पहारा घेतला,” त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. “बाकीचं न्हाई घेत. जानका तुझी झाली, भागुजी. लई दिस झालं. रत्नानं तर दुसरा बाप बघितलाच न्हाई.”

भागुजींचे हात मांडीवर पडले. शीलाने झटकन मास्क बसवला, पट्टा कानामागे ओढला. या वेळी ते हलले नाहीत. उशीवर डोकं टेकून खिडकीतल्या पांढऱ्याकडे बघत राहिले. आकडा थांबला, मग हळूहळू चढू लागला. नर्सने शीलाचा दंड घट्ट धरला.

मास्कच्या आतून भागुजींनी विचारलं, “मग आता मी... घरी जाऊ?”

जानकाबाईंचा उसना आवाज तिथे फुटला. त्या आपल्या आवाजात म्हणाल्या, “अवो, इतकी वर्सं घरातच व्हता की तुमी.”