समुद्रात वाया

"साहेब, तुम्ही नदी शेवटच्या धरणापाशीच मारून टाकलीत," जलतज्ज्ञ बाई म्हणाली.

दोन राज्यांच्या करारातून कुणाला किती पाणी मिळू शकेल, याच्या अभ्यासाचा आराखडा टेबलावर पसरला होता. धरणाखालच्या पाण्यापुढे साहेबांनीच लिहिलं होतं, 'समुद्रात वाया'.

"अहो बाई, उगाच फाटे फोडू नका. वाया जातंय तेवढं दोघांत वाटायचं, की मिटलं भांडण!"

तिने नकाशावरच्या निळ्या रेषेवर बोट ठेवलं. पंख्याच्या वाऱ्याने कागद हलला आणि रेषा वाहायलाच लागली. तिच्यासोबत बोट धरणाखाली उतरलं, वळणं घेत थेट माहेरी, खाडीच्या तोंडाशी पोचलं. विहिरीच्या काठावर बसून आई ओंजळीतलं पाणी चाखत होती. "इथवर नदी येते ना, म्हणून गोड आहे गं अजून," ती म्हणाली.

पंखा थांबला. रेषा जागच्या जागी निजली. बोट मात्र ओलं होतं.

"तिथली नदी आटली, तर आईच्या विहिरीत समुद्र शिरेल, साहेब. मग काय सांगू तिला? हिशेबात तूच वाया गेलीस म्हणून? बोला ना!"