नीलम्माचा अभिप्राय

माझी बायको नीलम्मा जाऊन आठ महिने झाले, तरी तिच्या मोबाईलमध्ये तिचं भुतांच्या प्रेमकथांचं ॲप अजून चालू आहे. परवा एक कथा वाचली. मेलेली बायको गजरा माळून परत येते आणि नवऱ्याला चहा करून देते. काहीही लिहितात.

"मामा, आवडत न्हाई तर कामून वाचायलात?" सून म्हणाली.

मी एकच स्टार दिला आणि खाली लिहिलं, 'आमच्या मैलूरला मेलेलं कुणी परत आलेलं न्हाई. थापा मारताना जरा लाज बाळगा.'

दुपारी लेखिकेचं उत्तर आलं, 'नीलम्मा अक्का, परत आलात! आठ महिने तुमची वाट बघत होते. तब्येत बरी आहे ना?'

 

मी एकाचे पाच स्टार केले आणि लिहिलं, 'व्हय, आता बरी हाय.'