गेटपासवरचं नाव

"नाव हीच माणसाची खरी दौलत!" पुण्याहून आलेल्या प्रशिक्षकसाहेबांनी महाडच्या कारखान्यात गर्जना केली आणि लगेच बोट दाखवलं, "ए पिवळं हेल्मेट, तू सुरू कर." खेळ सोपा होता. चेंडू झेलायचा, आपलं नाव-गाव सांगायचं आणि ओळख वाढवायची.

पिवळं हेल्मेट सोमाच्या डोक्यावर होतं. राजेंद्र गेल्या साली टाकी धुताना गुदमरून मेला, पण हजेरीपटावर मुकादमानं त्याला जिवंत ठेवला होता. "तुझे भरतीचे कागद नापास झाले रे सोमा, राजेंद्रच्या गेटपासवर ये," असं मुकादमानंच सांगितलेलं. आता खरं नाव तोंडातून निघालं, की उद्यापासून काम बंद.

चेंडू आला. "राजेंद्र, पोलादपूर," असं पुटपुटून सोमानं तो शेजारच्या नव्या गड्याकडे टाकला.

"मी सोमा लक्ष्मण साळवी, देवळे गावचा," गडी पाठ केल्यासारखा बोलला. बापाचं नाव बरोबर, गावही बरोबर. म्हणजे सोमाचे कागद पास झाले होते तर!

साहेबांनी टाळ्या वाजवायला लावल्या.



त्या गजरात सोमा गड्याच्या कानाशी वाकला. "दादा, टाकीत जरा जपून उतरा. नाव माझं हाय."