एक्केचाळिसावी ओळ

कपाशीवर फवारताना विष बाधलेल्यांना यवतमाळच्या दवाखान्यात नेणाऱ्या गाडीची यादी शीलानं केली होती. स्वतःच शिकून लिहिलेला तिचा प्रोग्रॅम यादी ओळीओळीनं वाचायचा आणि दोनदा आलेल्या नावाच्या ओळीचा क्रमांक सांगायचा. त्यानं एक्केचाळीस सांगितला आणि तिनं वरून मोजून एक्केचाळिसावं नाव पुसलं. आज दारात तुळसाबाई येऊन बसली. “गाडी साऱ्यांले घेऊन गेली, पोरी. माह्या बुढ्याचं नावच नव्हतं म्हणे. आज पहाटं जीव सोडला त्यानं.” शीलानं घाईनं कोड उघडला. प्रोग्रॅम मोजणी शून्यापासून करत होता. तिनं एकापासून केली होती; त्याची एक्केचाळीस म्हणजे तिची बेचाळिसावी ओळ. तिनं पुसलं ते तुळसाबाईच्या नवऱ्याचं नाव होतं; दोनदा आलेलं नाव त्याखालच्या ओळीत तसंच होतं. तिला रडू फुटलं. “मशीनच चुकली असंन, तू कायले रडतं?” तुळसाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. “मशीन बरोबर होती, काकू. चुकली मी.” हात तिथंच थांबला.