ठिपका

मनगटावरचं घड्याळ थरथरलं. काचेवर नवऱ्याचा निरोप आला होता: थांबू नकोस.

ती थांबलीच होती. ऊन कोवळं म्हणावं अशी वेळ, पण पुलाच्या लोखंडी कठड्याला हात लाववत नव्हता. तिने मानेवरचा घाम पुसला, मनातल्या मनात उन्हाचा, बुटांचा आणि नवऱ्याचा उद्धार केला आणि पुन्हा पाय उचलले.

धावणं हा तिचा पिंडच नव्हे. धावायचा तो. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, दिवसभर जिने चढायचा, शिवाय हौसेने धावायचाही. मग एका कामावर लिफ्टच्या खड्ड्यात पडला. ऑपरेशन झालं, हाडं जुळली, पण तो काही उभा राहिला नाही. व्यायाम करून घ्यायला येणारी बाई दर वेळी एकच सांगायची, "पायांत ताकद आहे हो. मनाने उभारी धरली पाहिजे."

मन उभारी धरेना. जेवणही जाईना. शेवटी एक दिवस त्यानेच आपलं घड्याळ काढून तिच्या मनगटावर बांधलं.

"माझ्याऐवजी तू धाव. यात सिम आहे, मला फोनवर नकाशात तुझा ठिपका दिसेल. ठिपका पळाला की मीच पळतोय असं वाटेल."

त्या दिवशी तो पोटभर जेवला.

लोकांना सांगायचं कारण हे. खरं कारण तिला ठाऊक होतं आणि त्यालाही. अपघाताच्या आधीच्या आठवड्यात तिने त्याला सांगून टाकलं होतं की ती चालली, कायमची. भांडण झालं नाही. भांडायलासुद्धा दोघांत काही उरलं नव्हतं. बहिणीच्या गावी तिला काम मिळालं होतं, दातांच्या कवळ्या बनवायचं, इथे करायची तेच. बॅग भरून झाली आणि हा पडला. बॅग माळ्यावर गेली.

"मी उभा राहिलो की तू मोकळी," हॉस्पिटलात तो म्हणाला होता. भिंतीकडे तोंड करून का होईना, म्हणाला होता.

तेव्हा या उन्हात धावायची उमेद कुठून येते असं कुणी विचारलं असतं, तर खरं उत्तर हे होतं. ठिपका पळाला की त्याला हुरूप येणार, हुरूप आला की तो उठणार, आणि तो उठला की बॅग खाली येणार. उन्हाळा चढत गेला आणि ती या आशेला चिकटून राहिली.

त्याचा उत्साह मात्र दांडगा. पलंगावरून शिकवायचा, "उन्हात वेग बघायचा नाही, छातीचे ठोके बघायचे. सावलीच्या बाजूने जा. टोपी भिजवून घे." मग म्हणायचा, "घाण्याच्या बैलासारखी घराभोवती काय फिरतेस? नदीकडे जा." नदीकडे गेली तर म्हणे पूल ओलांड. पूल ओलांडला तर म्हणे धरणाचा रस्ता बघच एकदा. एके दिवशी ती घड्याळ चार्ज करायला विसरली, तर त्याने तिला निघूच दिलं नाही.

"ठिपकाच नसेल तर मी काय बघू?"

परतल्यावर ती कामाला जायची, कवळ्यांच्या साच्यांच्या प्लास्टरमध्ये हात घालून बसायची. संध्याकाळी स्वयंपाक, आणि मग त्याच्या पायांना तेल. जमिनीला न टेकलेले तळवे बाळासारखे मऊ पडतात, असं ती व्यायामवाली म्हणाली होती. ह्याचे राठ ते राठच. माणूसच मुळात राठ, तिला वाटायचं. गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं तर तिच्या ध्यानातही राहत नसे. तरी रोपं तगून होती. तिच्यासारखीच चिवट.

आज पूल ओलांडला आणि तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली. मागून सिस्टर आली. निवृत्त नर्स, रोज याच रस्त्याने धावायची, आणि सगळे तिला सिस्टरच म्हणायचे.

"तोंड बघ कसं लालबुंद झालंय! ऊन लागेल बाई. रिक्षा कर आणि घरी जा."

"ठिपका थांबला की तो हाय खाईल. दिवसभर जेवायचा नाही."

"आणि तू आडवी झालीस की जेवेल?" सिस्टरने हात पुढे केला. "आण ते घड्याळ. धरणापर्यंत जाऊन येते आणि तुझ्या दारात आणून देते. ठिपक्याला काय, मनगट कुणाचंही चालतं."

तिने पट्टा सोडला. हसावंसं वाटलं, पण तेवढंही त्राण नव्हतं.

रिक्षात तिला रडू आलं. उद्यापासून जमणार नाही, हे त्याला सांगायलाच हवं होतं. सांगितलं की तो पुन्हा अन्न टाकणार आणि बॅग माळ्यावरच राहणार, हेही तिला दिसत होतं. पण तिचे पायच संपले होते.

तो दचकू नये म्हणून तिने बूट दाराबाहेर काढले आणि किल्ली हळूच फिरवली.

पलंग रिकामा होता. व्यायामासाठी आणलेल्या कुबड्या भिंतीला टेकलेल्या. पडला! ती न्हाणीघराकडे धावली. तिथे नव्हता. स्वयंपाकघरातही नव्हता. मग गॅलरीत पाण्याचा आवाज आला.

तो पाठमोरा उभा होता, ताठ. एका हातात झारी, दुसऱ्या हातात फोन. कुंडीपाशी वाकला, फोनकडे बघितलं, आणि सवयीच्या पावलांनी पुढच्या कुंडीपाशी गेला.

धरणाच्या रस्त्याला लागलेल्या ठिपक्याला तो अगदी मायेने म्हणाला, "पळ गं. थांबू नकोस."