पहिली प्रत आईला

चार वाजता नळांना पाणी येणार होतं आणि ते पिण्यासारखं नव्हतं. सकाळी फुटलेली मोठी वाहिनी दुरुस्त झाली होती खरी, पण तेवढ्यात तिच्यात गटाराचं पाणी शिरलं होतं. पुरवठा बंद ठेवायचीही सोय नव्हती, कारण अग्निशमनाचे बंब त्याच वाहिनीवर भरत. पिण्याच्या पाण्याचे टँकर पाचला चौकाचौकात पोचणार होते. हे सगळं ऐंशी हजार घरांना सांगायचं होतं आणि घड्याळात तीन वीस झाले होते.

पाणीखात्याच्या पत्रविभागात सगळ्यांच्या माना पत्रबाईंकडे वळल्या. ग्राहकांना जाणारं प्रत्येक पत्र तीस वर्षं त्यांच्याच हाताखालून जात होतं. पत्रबाईंनी कोपऱ्यातल्या, कपाटाएवढ्या जुन्या यंत्रणेकडे पाहिलं. तिच्या पोटात चारशे बारा पत्रांचे नमुने पक्के बसवलेले होते. त्यातला एक शब्द हलवायचा म्हटलं तरी कंपनीला अर्ज करा, तीन आठवडे वाट बघा, मग छपाई, मग पाकिटं. तोवर अर्धं शहर आजारी.

"माझी उघडू का?" ढगवालीने विचारलं. तिची नवी यंत्रणा कुठल्याच खोलीत नव्हती, दूर कुठेतरी क्लाउडवर चालायची. म्हणून या इंजिनिअरला ते नाव पत्रबाईंनीच ठेवलं होतं आणि महिनाभर त्या यंत्रणेकडे बघून नाकही मुरडलं होतं.

"उघडा," पत्रबाई म्हणाल्या. "पण पहिली प्रत माझ्या आईला. नवं पत्र आधी आईकडे जातं. आईला कळलं की जगाला कळतं. तीस वर्षांचा नियम आहे माझा."

मजकूर त्यांनी डोळे मिटून सांगितला. मान्यवर ग्राहक, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, जलवाहिनीची दुरुस्ती पूर्ण झाली असून आपला पुरवठा दुपारी चार वाजता पूर्ववत होत आहे. तथापि, पुढील सूचनेपर्यंत सदर पाणी पिण्याच्या प्रयोजनार्थ वापरण्यात येऊ नये.

ढगवालीने एक कळ दाबली. पत्रबाई पाकिटं शोधायला वळणार, तोच त्यांचा मोबाईल वाजला.

"अगं, तुझं पत्र आलं! मोबाईलवरच आलं!" आईच्या आवाजातून आनंद ओसंडत होता. "चारला पाणी येतंय ना? पिंप घासूनच ठेवते. सकाळपासून घसा कोरडा पडलाय गं."

"आई, पिऊ नकोस! खाली लिहिलंय ना!"

"एवढ्या खाली कोण जातंय? पाणी येतंय म्हटल्यावर मी उठले."

तीन सदतीस. पत्रबाईंनी खुर्ची ओढली आणि ढगवालीला चक्क कोपराने सरकवलं. "हे पुसायचं कसं? सगळं?"

"सगळं?"

"उपरोक्तसकट!"

मग त्यांनी स्वतः, दोन बोटांनी, टाईप केलं. आज नळाचं पाणी पिऊ नका. उकळूनही नको. फक्त धुण्याभांड्याला वापरा. पिण्याच्या पाण्याचा टँकर तुमच्या चौकात पाचला येईल.

पहिली प्रत गेली. सगळी खोली पत्रबाईंच्या मोबाईलकडे बघत बसली. तो वाजला.

"पिंप राहू दे," आई म्हणाली. "कळशी घेऊन चौकात जाते."

"सोडा!" पत्रबाई ओरडल्या.

कळ दाबली गेली. आधी टेबलावरचे मोबाईल टणटणले, मग जिन्यातले, मग खिडकीखालच्या रस्त्यावरचे. समोरच्या चहावाल्याने मोबाईलवरचं पत्र वाचलं, नळाखाली लावलेली किटली उचलून बाजूला ठेवली आणि शेजारच्या दुकानदाराला हाक मारली. चारला दहा कमी होते. खोलीत कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळेच वाजवत सुटले. पत्रबाईंना इतका आनंद झाला की रडू आवरेना.

आई अजून फोनवरच होती.

"आई, आजचं कळलं ना नीट?"

"लख्ख कळलं. तुझं पहिलंच पत्र, एका वाचनात कळलेलं."

पत्रबाई हसता हसता थांबल्या. "पहिलं? आणि मग इतकी वर्षं प्रत्येक पत्राला 'छान आहे' म्हणायचीस ते?"

"अगं, एक शब्द बदलायला तुला तीन आठवडे अर्ज करत बसावं लागायचं. कशाला तुझ्या जिवाला घोर?"

फोन ठेवून पत्रबाईंनी कोपऱ्यातल्या जुन्या यंत्रणेकडे पाहिलं. मग त्यांनी पदराने डोळे पुसले, चष्मा चढवला आणि खुर्ची ढगवालीच्या अगदी जवळ ओढली.

"चारशे बारा आहेत," त्या म्हणाल्या. "एक नंबरचं काढ गं. आई जागी आहे तोवर जितकी होतील तितकी."