मागच्या खोलीपर्यंत वायर

"आपले उंदीर वायर खात नाही," सुखराम म्हणाला. "हे पाहुणे असतीन."

कुलदीप माळ्यावर पोटावर आडवा पडला होता. वर तापलेले कवेलू, खाली लाकडी फळ्या, कडेला उतरत्या छपराखालच्या तीन फुटांत नवतपाची, मे अखेरच्या नऊ कडक दिवसांतली दुपार. वायरिंगचं काम करणाऱ्याला माळे नवीन नसतात. उंदरांची अशी वर्गवारी मात्र त्यानं पहिल्यांदाच ऐकली. हातातला कुरतडलेला वायरचा तुकडा त्यानं पुढे केला.

"आपले म्हंजे कोणते, काकाजी?"

"मी त्याह्यले रोज दोन आंबे देतो. एक या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात. वायरले तोंड लावाचं नाही, असं ठरलं हाय."

कुलदीपनं कोपऱ्यात बॅटरी मारली. कोयी स्वच्छ चाटून ठेवल्या होत्या. कराराचा आंब्यापुरता भाग उंदीर काटेकोर पाळत होते.

खाली फोन वाजला. सुखरामची बायको सुमनबाई हिनं तो स्पीकरवर टाकला. लेक बोलत होती, रिता. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून आजच सुटली होती, पाच दिवसांची पोर कुशीत घेऊन.

"आई, मांगच्या खोलीतला पंखा फिरून राहिला का? खरं सांग. नसन त आमी गाडी मोहाडीले नेतो. तिथं सासूबाईनं कूलर लावून ठेवला हाय."

सुमनबाईनं मागच्या खोलीतल्या पंख्याकडे पाहिलं. त्याच्या दोन पात्यांमध्ये कोळ्यानं निवांत संसार मांडला होता.

"फिरून राहिला," ती म्हणाली. "तू ये."

फोन ठेवून तिनं शिडीखालून हाक मारली, "अजी, निघाली ते! दीड तास हाय आपल्यापाशी. पंखा नाही फिरला त नात आल्या पावली मोहाडीले जाईन!"

पहिलं बाळंतपण माहेरी असतं, हे रिताच्या सासरीही मान्य होतं. पण कूलरसमोर रिवाज किती वेळ टिकेल, याची सुमनबाईला खात्री नव्हती.

माळ्यावर कुलदीपनं पाइपाचे तुकडे जोडायला घेतले. नवी वायर पूर्ण पाइपातून जाणार होती, भिंतीतून उतरेपर्यंत कुठेही उघडी नाही.

"उंदरांचं झालं," तो म्हणाला. "आता तुमचं काय कराचं?"

"माहं काय?"

"पाइप या बल्ल्यांवरून आडवा जाते. अन् तुमी आंबे पाहाले दिवसातून चारदा इथूनच जाता. पाय पडला का पाइप फुटला. आंबे खाली न्या ना."

सुखरामनं पलीकडच्या तणसाच्या, धानाच्या पेंढ्याच्या ढिगाकडे पाहिलं. त्यात आंबे पिकत होते.

"नाही जमत, बाबू. पिकाले घातले का जागा नाही बदलवत. रुसते."

"कोण?"

"आंबे."

कुलदीपनं वाद घातला नाही. या घरात उंदरांशी बोलणी झाली होती. आंब्यांना मन असायला हरकत नव्हती. त्यानं फक्त दोन फळ्या मागितल्या.

घरात सुटी अशी एकच फळी होती. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत सुखरामनं स्वतःसाठी रंगवून घेतलेला बोर्ड. कुलदीपनं तो मधोमध कापला आणि सुखरामच्या वाटेवर पाइपाच्या दोन्ही अंगांना उभा ठोकला. अलीकडे 'सुखराम' आलं, पलीकडे 'यांनाच निवडून द्या'. पाइप मध्ये सुरक्षित.

"आता पाय उचलून जाचं," कुलदीपनं बजावलं.

"माह्या नावावरून?"

"नावावरून नाही. नाव ओलांडून."

सुखरामनं एकदा ओलांडून पाहिलं. जमलं. निवडणुकीपेक्षा सोपं गेलं.

गाडी दारात थांबली तेव्हा पंखा फिरत होता. कोळी भिंतीवर राहायला गेला होता. रिता घामानं निथळत आत आली, पोरीला बाजेवर ठेवलं, वर पाहिलं आणि प्रवासभर धरून ठेवलेला श्वास सोडला.

सुमनबाईनं नातीची दृष्ट काढली आणि लगेच जाऊन पंखा बंद केला.

माळ्यावरून उतरून पिशवी भरणाऱ्या कुलदीपनं पेचकस पुन्हा बाहेर काढला.

"बाळंतिणीले हवा नाही लागू देत," सुमनबाई म्हणाली. "सव्वा महिना."

"मंग लावला कायले?" रितानं विचारलं.

"तू येशीन मनून."

रितानं पोरीला उचललं.

"गाडी अजून दारातच हाय, आई."

सुमनबाई बटणाकडे, मग नातीकडे पाहत राहिली. मग तिनं पेटी उघडून जुन्या सुती फडक्यांचा गठ्ठा काढला. आधी रिताचे कान बांधले, मग पोरीचे, मग स्वतःचे. उरलेलं फडकं घेऊन ती कुलदीपकडे वळली.

"मले काहून, काकू? मी कुठं बाळंत झालो?"

"तुले हवा लागली त पंखा कोण पाहीन?"

चौघांचे कान बांधून झाल्यावर तिनं पंखा पाचवर केला.

सुखराम तेवढ्या वेळात माळ्यावर गेला होता, पाइप तापतो की काय ते पाहायला. त्यावर तळहात ठेवून तो बराच वेळ बसला. मग त्यानं खाली आवाज दिला.

"फिरून राहिला का?"

खालून उत्तर आलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. तरी नाही.

म्हणजे झोपले सगळे. सुखराम उठला, स्वतःच्या नावावरून पाय जरा जास्तच उंच उचलला आणि पलीकडे अलगद टेकवला. माळ्याची फळी करकरली, तसा तो एका पायावर तिथंच थांबला.